आई-वडिलांना घेऊन रत्नागिरीला

दर वर्षी दिवाळीच्या आसपास माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तपासणी संपते, चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता मुलगा किंवा सून हळूच विचारते, ‘‘डॉक्टर, आम्ही सगळे कोकणात जायचे ठरवतो आहोत. बाबांना न्यावे का?’’ बाबा समोरच बसलेले असतात. प्रश्न त्यांच्याविषयी असतो. पण त्यांना तो कोणी विचारलेला नसतो.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. ‘‘या वयात उगाच दगदग कशाला?’’ अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या मुलांना मी हेच सांगितले. गृहस्थांचे वय ७५, हृदयाचे स्नायू अशक्त झालेले, पण औषधांवर प्रकृती स्थिर. तरुणपणी ते रत्नागिरीत नोकरीला होते आणि मुले त्यांना मांडवीचा समुद्र पुन्हा एकदा दाखवणार होती. त्यांना किती चालता येते, जिना चढताना दम लागतो का, एवढेही मी विचारले नाही. ‘नको’ म्हणणे मला सोयीचे होते. कारण प्रवासात काही झाले असते तर बोल माझ्यावर आला असता. सहल रद्द झाली. पुढच्या पावसाळ्यात ते घरीच, झोपेत गेले. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा एवढेच म्हणाल्या, ‘‘त्यांची समुद्राची इच्छा तेवढी राहिली.’’ त्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी प्रश्न विचारतो. आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या आई-वडिलांना घेऊन रत्नागिरीला गेलो, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे कागदावर किती सोपी आणि प्रत्यक्षात किती कठीण असतात, हेही कळले. आईचे वय तेव्हा ७८, नानांचे ८३. आईचे बालपण रत्नागिरीत गेलेले. तिला विस्मरणाचा विकार जडून चार वर्षे झाली होती आणि त्या चार वर्षांत नानांनी घराबाहेर एक रात्रही काढलेली नव्हती. या लेखात त्या सहलीत उपयोगी पडलेल्या गोष्टी आहेत, तशा माझ्या चुकाही आहेत.

आधी प्रकृतीचा हिशेब

सहलीला जाण्याचा निर्णय वयावरून करू नका, सध्याच्या शक्तीवरून करा. तुमचे वडील घराजवळच्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे बोलत बोलत चालू शकतात का? एक जिना न थांबता चढताना छातीत दुखत नाही ना, दम लागत नाही ना? रात्री किती वेळा उठावे लागते? गेल्या महिन्यात एखादे औषध बदलले आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका, निदान पंधरा दिवस आधी जा. म्हणजे एखादी मात्रा बदलायची असेल तर तिचा परिणाम घरीच पाहता येतो.

काही वेळा मात्र सहल पुढे ढकललीच पाहिजे. नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, बसल्या जागी दम लागत असेल, पायांवरची सूज वाढत असेल, साखर रोज वर-खाली होत असेल किंवा अंगात ताप असेल, तर समुद्र कोठे पळून जात नाही.

केव्हा जावे

ज्येष्ठांसाठी रत्नागिरीचा उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. हवा कोरडी असते, सकाळी किंचित गारवा असतो आणि समुद्र शांत असतो. पण नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा. खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते तुंबतात. गणपतीपुळ्याला जायचे असेल तर मंगळवार आणि संकष्टी टाळा. अंगारकीला तर ज्येष्ठांना घेऊन जाऊच नये.

एप्रिल-मे हा हापूसचा हंगाम, म्हणून अनेकांचा ओढा त्याच महिन्यांकडे असतो. किनाऱ्यावर तापमापकातला आकडा विदर्भाइतका चढत नाही. पण त्या आकड्यावर विसंबू नका. हवेत बाष्प भरपूर असल्याने घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तरुण शरीर हे निभावून नेते. वृद्धावस्थेत घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते, आणि त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी व क्षार दोन्ही झपाट्याने घटतात. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो, आणि खुब्याचे हाड मोडून सहल संपते. आंबे पेटीतून घरी आणता येतात. मे महिन्याची दुपार आई-वडिलांवर लादू नये.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, घाटात दरडी कोसळतात आणि कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकानुसार कमी वेगाने धावते. कोकणातला पाऊस पाहण्यासारखा खराच. पण ओली जांभ्याची पायरी आणि थरथरता पाय यांची गाठ पडू न दिलेली बरी.

कसे जावे

मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी निःशंकपणे रेल्वे निवडावी. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि एके काळी बोटीने किंवा रात्रभर एस.टी.ने होणारा हा प्रवास, जलद गाडीने साडेपाच-सहा तासांवर आला. गाडीत उठून फिरता येते, शौचालय असते, आणि पहाटेची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला रत्नागिरी गाठता येते. बर्थ घ्यायचा असेल तर तिकीट काढतानाच ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेला खालच्या बर्थचा पर्याय निवडा. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा लागतो. विस्मरण असलेल्या व्यक्तीजवळ त्या वेळी कोणीतरी बसून राहावे आणि हात हातात घ्यावा, कारण अचानक आलेल्या अंधाराने ती घाबरू शकते. स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर आहे; रिक्षा मिळतात, पण गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी चारचाकी आधीच ठरवून ठेवावी.

आम्ही पुण्याहून मोटारीने गेलो. कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. मोटारीने जाणाऱ्यांनी एक नियम काटेकोरपणे पाळावा : दर दीड तासाला थांबायचे आणि पाच मिनिटे चालायचे. बराच वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी गाडीतही घोटे वर-खाली हलवत राहावेत. शौचालय शोधावे लागेल या धास्तीने अनेक ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना दटावू नका. थांबे आधी ठरवा आणि ते त्यांना सांगा. म्हणजे त्या आपणहून पाणी पितील.

आता माझी पहिली चूक. आईला घाट लागतो. मलकापूरला चहा घेताना मी तिला प्रवासात उलटी न होण्याची एक साधी गोळी दिली. गोळी चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि मी ती शेकडो रुग्णांना दिली आहे. स्मृतीच्या कामाला मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य लागते. विस्मरणाच्या विकारात ते आधीच कमी झालेले असते आणि उलटीच्या अनेक गोळ्या नेमके त्याच द्रव्याचे काम अडवतात. हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी मी डॉक्टर नव्हतो, घाट सुरू होण्याआधी घाई करणारा मुलगा होतो.

आई घाटभर झोपली. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर ती जरा गप्प होती. रात्री दोनच्या सुमारास कडीचा आवाज झाला. पलीकडच्या खोलीतून मी बाहेर आलो, तर आई हातात पिशवी घेऊन ओसरीच्या पायऱ्यांच्या टोकाशी उभी. जांभ्याच्या पायऱ्या दवाने ओल्या झालेल्या. मी दंड धरला तेव्हा तिने मला ओळखले नाही. मला आपला भाऊ समजून म्हणाली, ‘‘भाऊ, शाळेला उशीर होतोय रे.’’ नाना प्रवासाने इतके थकले होते की त्यांना जाग आली नव्हती. पहाटे चारपर्यंत मी तिच्याजवळ ओसरीवर बसून होतो. आणखी एक पायरी ती उतरली असती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

सकाळी नाना एवढेच म्हणाले, ‘‘परत जाऊ या.’’ त्यांचे चुकत नव्हते.

मी आईची नाडी, रक्तदाब, ताप, साखर तपासली. लघवी नीट होते आहे ना, हे पाहिले. बोलण्यात किंवा हातापायांत काही फरक नाही, याची खात्री केली. सगळे ठीक होते आणि कारण मला माहीत होते. म्हणून मी दुपारपर्यंत थांबायला सांगितले. खिडक्या उघडून उजेड आत घेतला, आईला चष्मा लावला, कानातले यंत्र बसवले, तिची घरची चादर पलंगावर घातली. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती बरीच निवळली. तुम्ही मात्र अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. वृद्ध व्यक्ती एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागली तर ‘वयाने होते असे’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, उतरलेली साखर, घटलेले सोडियम, पक्षाघात, एखादे नवे औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तिला त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात दाखवा. आणि घाट लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. पुढची जागा, हलके पोट, उघडी काच आणि आल्याचा तुकडा एवढ्यावर बहुधा निभावते.

कोठे उतरावे

‘समुद्राला लागून खोली’ हे शब्द तरुणांना मोहवतात. ज्येष्ठांसाठी खोली निवडताना समुद्राआधी न्हाणीघर पाहा. दूरध्वनीवर नेमके प्रश्न विचारा : फाटकापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का, आणि त्याच्याजवळ धरायला काही आहे का? फरशी ओली झाल्यावर निसरडी होते का? वीज गेल्यावर काय सोय आहे? झोपेत श्वासासाठी यंत्र लागत असेल तर शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. न्हाणीघराचे छायाचित्र मागवायला संकोच करू नका.

सोबत चार वस्तू न्या : रात्रीचा छोटा दिवा, रबरी पायपुसणे, आंघोळीला बसण्यासाठी प्लास्टिकचे स्टूल आणि दाराला अडकवायची घंटी. ही चौथी वस्तू आम्ही दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या बाजारातून विकत आणली. पूजेची साधी पितळी घंटी. पहिल्या रात्री ती असती तर नानांना जाग आली असती.

हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मुक्काम शहरातच करा. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. येथे जिल्हा शासकीय रुग्णालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. गणपतीपुळे किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर दूर आहे, आणि रात्री त्या वळणांवरून रुग्णाला आणणे सोपे नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या दूरध्वनीत असू द्या.

कोकणात फुरसे आणि विंचू आढळतात. घाबरण्याचे कारण नाही, पण अंधारात विजेरीशिवाय आवारात जाऊ नये आणि पादत्राणे झटकून घालावीत. दंश झालाच तर कापणे, करकचून बांधणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

काय पाहावे, काय सोडावे

तीन रात्रींचा मुक्काम ठेवा आणि एका दिवसात एकच मोठे ठिकाण घ्या. पहिला दिवस फक्त पोहोचण्याचा आणि झोपण्याचा. नंतरच्या दिवशी सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मधली दुपार पडून राहण्याची.

सकाळसाठी भाट्याचा किनारा उत्तम. खाडीवरचा पूल ओलांडला की लांबलचक वाळू आणि तिच्या कडेने सुरूची झाडे. ओहोटीची वेळ पाहून जा. तेव्हा ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला सपाट रस्त्याच्या दीड-दोनपट शक्ती लागते. गुडघ्यांना आणि हृदयाला तो फरक लगेच जाणवतो.

संध्याकाळसाठी मांडवी. शहराला लागूनच असल्याने गाडी जवळ जाते आणि सूर्यास्त बसून पाहता येतो. घडीची खुर्ची सोबत असू द्या.

थिबा राजवाडा आवर्जून दाखवा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. या वाड्यात तो १९१०च्या सुमारास राहायला आला आणि १९१६मध्ये येथेच वारला. तीस वर्षे! छप्पर, अन्न, नोकरचाकर, समोर खाडी आणि समुद्र, सगळे होते. फक्त आपल्या मर्जीने कोठे जाण्याची मुभा नव्हती. त्या गॅलरीत उभे असताना मला माझे पोस्टमास्तर आठवले. आपणही घरातल्या ज्येष्ठांना काळजीपोटी सर्व काही देतो, आणि नकळत एवढीच एक गोष्ट काढून घेतो. वाड्याच्या आत पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांना जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहता येते.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान छोटे आणि शांत आहे. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात टिळकांचा जन्म झाला ते कौलारू घर पाहायला अर्धा तास पुरतो. १९३१मध्ये उभे राहिलेले, सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिरही शहरातच आहे. नातवंडे सोबत असतील तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आजोबा आणि नातू दोघांनाही रमवते. रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, पण पायऱ्या चुकत नाहीत. भगवतीचे दर्शन ज्यांना झेपेल त्यांनीच घ्यावे, इतरांनी खालूनच हात जोडावेत.

आरे-वारेचा किनारा रस्त्यावरूनच पाहा. तिथले पाणी दिसते तितके सौम्य नाही. कोणीही, तरुणांनीही, पोहण्याचा मोह धरू नये. गणपतीपुळ्याचे देऊळ समुद्राच्या काठावर आहे, चढण नाही. पण डोंगराभोवतीची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे आणि उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय भाजतात. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना ते कळतही नाही. फोड रात्री दिसतात. सकाळी लवकर जावे किंवा प्रदक्षिणा घरच्या तरुणांना घालू द्यावी. जवळच मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. शाळेत त्यांच्या कविता शिकलेल्या पिढीला ते पाहून फार बरे वाटते. पावसचे स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर दक्षिणेला, तासाभराच्या आत येते. तिथली शांतता अस्वस्थ मनालाही निवांत करते.

पाण्याजवळ

ज्येष्ठांनी घोट्यापुढे पाण्यात जाऊ नये. लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेते आणि तोल जातो. दोन्ही बाजूंना एकेक माणूस असावा, आणि त्यातला एक समुद्राच्या बाजूला. मधुमेह्यांनी वाळूतही पट्ट्याच्या चपला काढू नयेत. परत आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. जेलीफिशचा स्पर्श होऊन आग झाली तर वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन मग तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावा. दम लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. कानातले यंत्र किनाऱ्यावर जाताना बंद डबीत ठेवावे. खारी हवा आणि वाळू यांनी ते बिघडते. मात्र विस्मरणाच्या रुग्णाचे यंत्र शक्यतो काढू नये, कारण ऐकू न आल्याने गोंधळ वाढतो. अशांना काठापासून थोडे दूर बसवावे.

ताटात

सहलीत पथ्याची आठवण करून देणारा मुलगा कोणालाच आवडत नाही. म्हणून पथ्य आधी ठरवा आणि ताटावर बसल्यावर बोलू नका. ताजा मासा ज्येष्ठांसाठी उत्तम आहार आहे. कवळी असल्यास टाळूला काटा कळत नाही. अशांना सुरमई किंवा मोरी यांसारखे कमी काट्यांचे मासे द्यावेत आणि तुकडा निवडून द्यावा. रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी सुके खारवलेले मासे, लोणची, पापड यांपासून दूर राहावे. त्यांतले मीठ दुसऱ्याच दिवशी पायांवर सूज होऊन दिसते. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी कोळंबी, तिसऱ्या आणि तारली बेताने घ्यावीत.

शहाळे सर्वांना निर्धोक असते, हा समज खरा नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारूनच ते प्यावे. सोलकढी चालेल, कोकम सरबतात साखर असते, ती मोजावी. मधुमेह्याने उकडीचा मोदक खाऊच नये असे मी म्हणत नाही. पण त्या जेवणात भात नको आणि दुसरा मोदक नको.

औषधांची पिशवी

मुक्कामापेक्षा पाच दिवसांची औषधे जास्त न्या आणि ती दोन पिशव्यांत विभागा. एक जवळच्या पिशवीत, दुसरी सामानात. गोळ्या डबीत काढल्या तरी मूळ पाकिटे सोबत ठेवा. औषधांची नावे, मात्रा, वेळा, ॲलर्जी आणि शेवटचा हृदयालेख यांची एक प्रत ज्येष्ठांच्या खिशात आणि एक तुमच्या दूरध्वनीत असावी. वापरात असलेले इन्सुलिन तीस अंशांच्या आत बहुधा चार आठवडे टिकते. ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण लांबता कामा नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे. लघवी वाढवणारी गोळी फिरायच्या दिवशी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.

सांभाळणाऱ्याचीही सहल

आता माझी दुसरी चूक. सगळे नियोजन मी आईभोवती केले होते. नानांचा विचार मी केलाच नव्हता. गोळ्या देणे, न्हाणीघरात नेणे, रात्री जागणे ही कामे घरी तेच करीत आणि सहलीतही तेच करू लागले. पहिल्या रात्रीनंतर आम्ही पाळ्या लावल्या. रात्र माझी, सकाळ माझ्या पत्नीची, दुपार मुलाची. ही विभागणी निघण्यापूर्वीच कागदावर करा. नाहीतर घरात जो थकतो, तोच समुद्रावरही थकतो.

दुसऱ्या सकाळी मी नानांना भाट्याच्या किनाऱ्यावर सोडले आणि एक तासाने येतो म्हणालो. सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून ते एकटे बसले. परत आणायला गेलो तर वर्तमानपत्र मांडीवर तसेच घडी घातलेले. मी विचारले, ‘‘कंटाळलात का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही रे. तासभर मला कोणी हाक मारली नाही.’’ परत जाण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे मांडवीला गेलो. आई खुर्चीत बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, ‘‘भरती आहे की ओहोटी?’’ मी दूरध्वनीत वेळापत्रक शोधू लागलो. ते सापडण्याआधीच ती म्हणाली, ‘‘ओहोटी. कडेची वाळू ओली आहे, पाणी खाली गेलंय.’’ वेळापत्रकात तेच होते. सकाळी काय खाल्ले ते जिला सांगता येत नव्हते, तिला हे सांगता आले.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात आई ती सहल विसरली. रत्नागिरीचे नाव काढले की ‘‘एकदा न्या मला’’ म्हणते. मग एवढा खटाटोप कशासाठी, असे एका नातेवाइकाने विचारले. उत्तर नानांनी दिले, ‘‘तिला आठवत नसेल. मला आठवतं.’’

तेव्हा यंदा सहल ठरवताना खोल्यांची चौकशी करण्याआधी, गाडीची तिकिटे पाहण्याआधी आणि माझ्यासारख्या डॉक्टरकडे येण्याआधी एक गोष्ट करा. संध्याकाळच्या चहाला बाबांच्या शेजारी बसा आणि त्यांनाच विचारा, ‘‘बाबा, रत्नागिरीला येता का?’’ ते ‘नको’ म्हणाले तर कारण विचारा. पुष्कळदा ते कारण न्हाणीघराच्या पायरीएवढे लहान निघते. आणि ‘हो’ म्हणाले, तर त्यांना घेऊनच दवाखान्यात या. बाकीचे प्रश्न आपण तिघे मिळून सोडवू.